थेसालोनिकीचा पांढरा बुरुज आणि माझं ग्रीक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बहारीन सोडूनही आता वर्षं झाली, पण ती संध्याकाळ आठवली की कान अजून गरम होतात माझे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथं जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत अकाउंटंट होतो. एकदा ऑफिसच्या कामाला त्यांनी मला ग्रीसमधल्या थेसालोनिकी बंदरावर पाठवलं. एक दुपार मोकळी मिळाली. बसच्या खिडकीतून जे जुनं दिसलं, गोल दिसलं, उंच दिसलं, ते कॅमेऱ्यात भरलं. संपली माझी थेसालोनिकी!

पण परत आल्यावरचा रुबाब काय विचारता! ऑफिसात सगळ्यांना 'कालिमेरा', म्हणजे सुप्रभात, म्हणायचो. कुणी विचारलं, "ग्रीक येतं वाटतं?" की मान तिरकी करून, "थोडं थोडं."

इथंच माती खाल्ली.

बहारीनमधल्याच सनद गावात कांबळ्यांच्या घरी आम्हा मराठी मंडळींचा स्लाइड-शो ठरला. आमच्या साहेबांची बायको एलेनी नेमकी थेसालोनिकीची. ती म्हणाली, "माझ्या आईला आणू? गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. कित्येक वर्षांत गाव पाहिलं नाही तिनं."

आणलं. आजींना पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि एलेनी मला म्हणाली, "मी नवऱ्याला ऑफिसातून घेऊन येते. तिला ग्रीकशिवाय काही येत नाही, पण तुम्ही आहातच!"

"इंशाल्ला!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आजींना भर संध्याकाळी 'सुप्रभात' घातली आणि भिंतीवरच्या चादरीवर पहिली स्लाइड टाकली. समुद्राकाठचा एक मळकट, बुटका बुरुज.

"ने! ने!" आजी ओरडल्या.

आता तुम्हीच सांगा, 'ने' म्हणजे काय? आपल्या 'ना'चीच बहीण ना? आणि मराठीत घेतलं तरी 'ने' म्हणजे घेऊन जा! शिवाय माहितीपुस्तकात तर पांढरा बुरुज लिहिलेला, आणि हा कुठं पांढरा होता? नेला.

पुढची स्लाइड. उंच, पांढरंशुभ्र काहीतरी.

"ओही!" आजींनी हनुवटी वर उडवली.

ओ, ही! हीच! "मंडळी, हा थेसालोनिकीचा सुप्रसिद्ध पांढरा बुरुज," मी सुरू झालो. "सिकंदराच्या सावत्र बहिणीचं नाव या शहराला दिलंय. तुर्कांच्या काळात या बुरुजात कैदी ठेवायचे."

"कैदी?" कांबळे म्हणाले. "आणि शिडी बाहेरून? पाण्याची टाकी वाटते हो."

"पहारेकऱ्यांची शिडी आहे ती!"

मग विटांची एक गोल इमारत आली, शेजारी मिनार. आजी छातीवर हात ठेवून उठायलाच लागल्या. "ने, ने, ने!"

बरोबरच आहे. माहितीपुस्तकातला रोटुंडा म्हणजे गोल रोमन इमारत, तिला मिनार कसा असेल? नेली. पुढं दुसरी गोल इमारत, गुळगुळीत, सिमेंटची.

"ओही! ओही!" आजींनी काठी आपटली.

"हा रोटुंडा! रोमन बादशहानं बांधला, मग चर्च झालं, मग मशीद."

"त्याच्यावर गव्हाची ओंबी का रंगवलीय?"

"रोमन लोकांना गव्हाचं फार कौतुक, कांबळे!"

माझी बायको हळूच म्हणाली, "अहो, त्या काहीतरी वेगळंच सांगतायत."

"तुला ग्रीक कळतं का? मग गप्प बस!"

आजींचा आवाज चढतच गेला. शेवटी डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हणालो, "पाहा, जन्मगाव बघून आनंदाश्रू!" मंडळींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या!

तेवढ्यात दार उघडून एलेनी आत आली, मागोमाग साहेब. आजींनी तिला भडाभडा काहीतरी सांगितलं. एलेनी चादरीकडं बघतच राहिली.

"तुम्ही धान्याचं कोठार का दाखवताय?"

"आजीच म्हणाल्या... ओही..."

"ग्रीकमध्ये ओही म्हणजे नाही," ती म्हणाली. "हो म्हणायचं तर ने."

कुणी हसलं असतं तर परवडलं असतं हो! कुणी हसलं नाही. म्हातारी 'हेच माझं गाव' म्हणून जीव तोडून सांगत होती, आणि मी दर वेळी ते तिच्या डोळ्यांसमोरून उचलून नेत होतो. वर टाळ्या!

प्रोजेक्टरला हात लावायची माझी छाती होईना. कांबळ्यांनीच स्लाइडी पहिल्यापासून लावल्या. मळकट बुरुज आला. आजींनी डोळे पुसले आणि एलेनीच्या हाताला धरून चादरीजवळ गेल्या. बुरुजापासून समुद्राच्या कडेकडेनं बोट फिरवत त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या. पुढची स्लाइड लावायची घाई कुणीच केली नाही.

निघताना त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला आणि सावकाश, पण खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाल्या. एलेनीनं ओठ दाबून धरले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"आई विचारतेय, या बिचाऱ्या बहिऱ्या माणसाला हे काम कुणी दिलं?"

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. मी काय केलं असेल?

ऐकूच आलं नाही असं दाखवलं!