ढाबळीचं दार

बाजरी भिजली की त्या वासाने मला ऐंशीच्या दशकातली मुलुंडची गच्ची आठवते, जिथे माझे सासरे, तुमचे पणजोबा, शर्यतीची कबुतरं पाळत आणि त्यांना भिजवलेली बाजरी घालत. पिसांच्या धुळीने त्यांची छाती निकामी होतेय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तुमच्या आजोबांनी सगळे पक्षी करंड्यांतून चेंबूरच्या मित्राकडे पोचवले. मित्राने करंड्या उघडल्या, आणि आजोबा बसने परत येईपर्यंत कबुतरं ढाबळीवर, गच्चीवरच्या त्यांच्या खुराड्यावर, हजर होती. "तुझ्याआधी पोचली बघ," सासरे धापा टाकत हसले. "बाबा, आता माना मुरगळाव्या लागतील." "मग आधी माझी मुरगळ," म्हणत सासऱ्यांनी स्वतः उठून त्यांना आत घ्यायला ढाबळीचं दार उघडलं. दिवाळीआधीच ते गेले. ढाबळ मोडल्यावरही कबुतरं त्या मोकळ्या जागी येऊन बसायची. आता माझ्या खिडकीला कबुतरं अडवायला जाळी आहे, आणि ती मीच लावून घेतलीय.