एकशेवीसपर्यंत
तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की घाटाखालच्या हिर्डोशी गावातली ती धुक्याची दुपार डोळ्यांसमोर येते. चुलतभावाने नवा गेम कन्सोल आणला होता; खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘फोर-के, सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत’; जितक्या जास्त फ्रेम, तितकं चित्र सलग. बाहेर भाताची खाचरं धुक्यात बुडाली होती, घरात टीव्हीवर मात्र घाटाचा लख्ख रस्ता, आणि त्यावर भावाने गाडी सुसाट सोडलेली. जन्मभर वरंध घाटात एसटी चालवलेले काका, म्हणजे त्याचे वडील, मागे बाजेवर बसून बघत होते. गेममध्ये पाऊस सुरू झाला तसं चित्र आधी पुसट झालं, मग एका वळणावर थिजलं. कन्सोलच्या पंख्याची घरघर वाढली, वास सुटला. चित्र हललं तेव्हा गाडी दरीत होती. पुन्हा खेळला, पुन्हा त्याच वळणावर तेच. भाऊ चिडला, “खोक्यावर तर एकशेवीस लिहिलंय.” “‘पर्यंत’ लिवलंय,” काका म्हणाले. “आमच्या यष्टीच्या पाटीवर बी शेवटचं गाव असायचं. पावसात लई येळा अलीकडनंच माघारी फिरवलीय म्या.” टीव्हीकडे बोट करत म्हणाले, “चित्र थांबलं व्हतं रं. गाडी न्हाई थांबली.” मग उठून त्यांनी भाऊ घाटात चालवायचा त्या नव्या टेम्पोची किल्ली खिळ्यावरून काढली आणि खिशात टाकली. परवा त्याच घाटात धुकं दाटलं म्हणून मी गाडीचा हीटर लावला, आणि तोच वास आला. काचेपलीकडचं पांढरं जराही हलत नव्हतं, आणि गाडी थांबलीय की चाललीच आहे, मला कळेना.