खणातलं कुंकू

आमची सून सविता ‘झालं’ असं लगीच कवाच म्हणत न्हाई. कुणाच्या लग्नाचे फोटो डीव्हीडीवर भरून दिले, तर गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून सगळे दाखवणार, मगच डीव्हीडी हातात देणार. त्याची यष्टी चुकली तरी बेहत्तर. मी करवादायचो, “आगं, भरलंय नव्हं? मग झालं की!” तर म्हणायची, “आबा, लिहिलं म्हंजी झालं न्हाई. ते वाचता आलं पायजे.”

पाबळला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून आलेली पोर. आमच्या न्हावरे गावात रस्त्याकडंच्या खोलीत दुकान टाकते म्हणली, तवा खरं सांगतो, मी आडवा आलो. घरच्या बाईनं पाना-पेचकस घेऊन बसायचं म्हंजी काय! पण माझ्या मंडळीनं, झुंबरबाईनं, त्या खोलीतली कांद्याची पोती सवताच बाहेर वढली. मग माझं कोण ऐकतंय!

झुंबरबाई चैत्रात गेली. तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरात. आदल्या दसऱ्याला ती हत्यारांची पूजा करत होती, तवा सवितानं शूटिंग केलं होतं. वीस मिनिटांचं. मी ते कवा बघितलं न्हवतं. छातीच व्हत न्हवती.

दिवाळी झाली आन् तो कॉम्प्युटर कटकट आवाज करायला लागला. सवितानं कान लावला, तिचं तोंडच उतरलं. “आबा, ह्याची हार्ड डिस्क निकामी व्हत चालली. हाय तवर आईंचं शूटिंग डीव्हीडीवर काढून घेते.” पेन ड्राइव्ह लावायची जागा मागंच इजेनं जळाली होती. दुसरी वाट न्हवती.

पहिली डीव्हीडी चार टक्क्यांवर अडकली. दुसरीबी तिथंच. तिनं शिरूरहून दुसऱ्या कंपनीच्या आणल्या, लिहायचा वेग कमी केला, शिवारातल्या मोटारी बंद, इजेचा दाब पुरा, असं बघूनबी करून पाह्यलं. सात डीव्हीड्या वाया गेल्या, आन् तिकडं कटकट वाढतच चाललेली. मी उंबऱ्यावर बसून तिच्यावरच तोंड सोडलं, “सात! आगं, जमत न्हाई तर दे की कुणा जाणत्याकडं!” मग तिनं एक जुनी, चांगली चालणारी डीव्हीडी आत घातली. तीबी कॉम्प्युटरला दिसंना.

“म्हंजी खोट डीव्हीड्यांत न्हाई, डीव्हीडी लिहिणाऱ्या राइटरमधीच हाय,” ती म्हणली. “दसऱ्यापातूर तर ब्येस चालत होता. त्याच्यानंतर कुणी हात लावला का काय ह्याला?”



“सविता,” म्हणलं, “मी लावला.” आन् समदं सांगून टाकलं. झुंबरबाईमागचा तो पहिला दसरा. तिची पूजा खंडायला नगं म्हणून मी नांगराला, कोयत्याला, मोटारीला कुंकू लावलं. दुकानात आलो, बटन दाबलं, तर राइटरचा खण बाहेर आला. म्हणलं, आत जे काय असंल त्यालाबी पोचू द्या. चांगलं मूठभर हळद-कुंकू ठिवलं आन् खण आत लोटला. सांजच्याला धोतराच्या सोग्यानं पुसून घेतला, सुनेला कळायला नगं म्हणून.

“माझ्याच हातानं घालवली गं तिला,” मी म्हणालो.

“मूठभर?” सविता माझ्याकडं बघत राह्यली. चिडली न्हाई. पेचकस घेतला, राइटर खोलला. आतलं इवलंसं भिंग पार लालपिवळं झालं होतं. कापसाची काडी स्पिरिटमधी बुडवून तिनं ते पुसलं, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. मग आठवी डीव्हीडी. चार टक्के. पाच. मी देवाचं नाव घेत टक्के मोजत होतो. शंभर झालं तवा कुठं श्वास सोडला.

“झालं?”

“अजून न्हाई.” तिनं ती डीव्हीडी घरातल्या टीव्हीला लावली आन् मला खुर्चीत बसवलं. “शेवटपातूर बघा. कुठं अडकलं तर हाक मारा.” आन् मुद्दामच, मला समजतंय की, दुकानात निघून गेली.

झुंबरबाई आली. हिरवं लुगडं, डोईवर पदर, चिमटीनं खुरप्याला कुंकू लावतीय. सविता मागनं इचारतीय, “आई, आबांना बोलवू का पूजेला?”

“नगं बाई! त्येंच्या हाती करंडा दिऊ नगंस. मूठ मूठ वतत्यात. मी हाय तवर मी करती, माझ्यामागं तू ध्यान ठेव त्येंच्याकडं.”

मी हसलो का रडलो, माझं मलाच कळलं न्हाई. आवाज ऐकून सविता पळत आली. “आबा, अडकलं का कुठं?”

“न्हाई गं पोरी, कुठंच न्हाई,” मी डोळं पुसत म्हणालो. “पण पुन्यांदा लाव. परत एकदा तपासू.”