वायरीतून येणारी होडी

तुमच्या घरी कधी टीव्हीच्या वायरीवर बोंबील वाळलेत का? आमच्याकडे वाळलेत. रेवदंड्याच्या आमच्या अंगणात असे किस्से वाऱ्याने आलेल्या वाळूसारखे साठतात. सकाळी झाडावेत, तर दुपारी पुन्हा उंबऱ्याशी.

सुरुवात झाली ती सासऱ्यांच्या पायापासून. आबा जुने तांडेल, उभा जन्म होडी चालवली. होडी परतलेली पाहिल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आता होडीवर आमचे हे जातात, पण नेम तोच. खुब्याचं हाड मोडलं आणि आबांचं बंदरावर जाणं थांबलं. "आली होडी," असं सांगितलं तरी म्हणायचे, "मी बघितली न्हाय." आणि तसेच उपाशी पडून राहायचे. दिवसेंदिवस खंगत चालले.

मग ह्यांनी खाडीकडच्या जाळ्यांच्या खोपटावर कॅमेरा लावला. तिथून नारळांवरून लांबच लांब वायर ओढून आबांच्या टीव्हीला जोडली.

*

पहिल्या सकाळी खोलीत समुद्र आला. धुक्यातला, राखाडी, झोपेत दिसतो तसा. आम्ही सगळे बघत होतो. तेवढ्यात जावेने वाडीतला पंप चालू केला आणि पाण्यातून पट्टेच्या पट्टे वर चढू लागले.

"सुनबाई," आबा शांतपणे म्हणाले, "दर्या उकळतोय."

मुरूडचे फिटर सलीमभाई आले. पंपाची वायर आणि ही वायर एकाच दोरीने बांधलेली पाहून हसले. "भाभी, दोघींना जवळ झोपवलं तर एकमेकींचं ऐकणारच." वायर लांब सरकवली. दर्या निवला.

*

बोंबलांचं काम शेजारच्या वत्सूवहिनींचं. त्यांच्या वाळवणाच्या दोऱ्यांशेजारून आमची नवी वायर गेली होती, काळी, ताणलेली. वहिनींना ती फारच सोयीची वाटली. बोंबलांवर कावळे आले, कावळ्यांनी वायरही टोचली, आणि टीव्हीवर बर्फ पडायला लागला.

मी बोलायला गेले, तर वहिनीच म्हणाल्या, "मंग पाटी लावायची व्हती, ही दोरी इंजिनेराची हाय म्हणून."

सलीमभाईंनी वायर बदलली आणि हात हुंगले. "आता फक्त मसाला लावून तळायची राहिली."

*

नव्या वायरीवरही चित्र फिकटच होतं. लांबून येता येता त्यातला जीव जातो, असं सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी आमच्या टोकाला बूस्टर बसवला. चित्र उजळलं, त्याबरोबर पडद्यावरच्या मुंग्याही उजळल्या.

आबांनी डोळे बारीक केले. "सलीम, तू बोलणाऱ्याचा न्हाय, बाजाराचा आवाज वाढवलास."

बूस्टर खोपटाकडे, कॅमेऱ्याजवळ नेला. तिथून चित्र ताकदीनिशी निघालं, आणि इकडे मुंग्या गेल्या.

*

मग मला हाव सुटली. भाकरी थापताना मलाही ह्यांची होडी दिसावी, म्हणून दिरांनी मधूनच वायर तोडून एक फाटा स्वयंपाकघरातल्या जुन्या छोट्या टीव्हीला दिला. दुसऱ्या सकाळी होडी आली, आणि तिच्या बाजूला आणखी एक. फिकट, तशीच, तिच्याच चालीने.

मी धावत आबांच्या खोलीत गेले. ते उशीवरून अर्धे उठले होते.

"धाकला आला," म्हणाले.

धाकला म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. माझ्या लग्नाआधीच होडीसकट गेलेला, पुन्हा न दिसलेला.

"दोन कप आण, सुनबाई."

मी आणले. एक आबांनी घेतला. दुसरा खिडकीत ठेवायला लावला. रोज तसंच चाललं. आबा जेवू लागले, गालांवर मांस आलं. त्या दुसऱ्या होडीबद्दल घरात कोणी बोललं नाही.

*

पुढे खाऱ्या हवेने वायरीचं टोक गंजलं. सलीमभाई ते बदलायला आले आणि पडद्यासमोर थबकले.

"अरे, मला सांगितलं का नाही? लाट बंधाऱ्यावर आपटून मागे फिरते ना, तसं चित्र ह्या फाट्यावर आपटून फिरतंय. ती दुसरी होडी खरी नाही."

मी नको म्हणणार होते. पण त्यांना काय सांगणार? त्यांनी फाटा काढला, अख्खी वायर जोडली, नवं टोक बसवलं. चित्र इतकं स्वच्छ झालं, की खाडीतल्या बगळ्याची चोच दिसली.

आबा बराच वेळ बघत राहिले. "झ्याक काम केलंस, सलीम," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर एकच होडी आली. मी नेहमीसारखे दोन कप चहा नेले. आबांनी दोन्ही प्यायले.