चिमणीकडची ऊब

चढावरच्या रस्त्याला राहणाऱ्या व्हायोलिनच्या शिक्षिकेला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची शिकवणी चाले. खोली मोठी देखणी होती. उंच छत, रस्त्याकडे उघडणाऱ्या दोन लांबलचक खिडक्या, आणि आवाज असा घुमायचा की शिकाऊ पोरांची करकरसुद्धा कानाला बरी वाटावी. बाईंना त्या खोलीचा भारी अभिमान.

हिवाळ्यात मात्र तिथं बसवत नसे. कोपऱ्यातली जुनी कोळशाची शेगडी पेटवली की खोलीभर धूर, धूर घालवायला खिडकी उघडली की शेगडी असून नसल्यासारखी. मुलं बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायची. कुणी कुरकुर केली की बाई म्हणत, “आम्ही असेच शिकलो. मेलो नाही.”

त्या वर्षी थंडी जरा जास्तच पडली. नळ गोठले, रस्त्यावर घसरून लोकांचे हातपाय मोडले, आणि बाईंचे विद्यार्थी एकेक करून गळायला लागले. आधी शिंप्याची मुलगी गेली, मग दोन भाऊ एकदमच गेले. “थंडीपुरतं हं, बाई,” असं त्यांच्या आया दारातूनच सांगायच्या. आत यायला त्यांनाही नको वाटायचं.

सगळी जायची ती चिमणीकडे. चिमणी म्हणजे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीवर बसली की तिचे पाय लोंबकळायचे, म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलेलं. आता ती चांगली बाईमाणूस झाली होती आणि खालच्या गल्लीत, लॉन्ड्रीच्या वर, तिची स्वतःची शिकवणी होती. इतकी वर्षं बाई तिच्याबद्दल कौतुकानं बोलत. ‘माझ्या हाताखालून गेलेली आहे’ असं म्हणताना ‘माझ्या’वर जोर असायचा.

मग घड्याळजीची मुलगीही गेली. बाईंच्या सगळ्या शिकवणीत खरा हात होता तो हिचा. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. उरला एकटा औषधाच्या दुकानाचा मालक. पन्नाशीत हौस म्हणून शिकायला आलेला. त्याला थंडी लागत नसे आणि सूरही लागत नसे.

बाईंचे यजमान पोस्टमन. घरोघर जायचे, त्यामुळे बातम्या आपोआप यायच्या. एका संध्याकाळी ते सहज बोलून गेले, “चिमणीकडे काय ऊब आहे गं! बसल्या बसल्या उकडायला लागलं. जाकीट काढलं शेवटी.”

बाईंच्या हातातली पळी थांबली. “तुम्ही बसलात कशाला तिथं?”

“पार्सल होतं. सही घ्यायला आत गेलो, तर तिनं चहा दिला.”

“आणि तुम्ही प्यालात.”

“अगं, चहा दिल्यावर माणूस काय करतो?”

“इथं तर तुम्ही जेवतानाही जाकीट काढत नाही,” बाई म्हणाल्या. “आहे तरी काय तिच्याकडे एवढं?”

“चिमणीकडे चिमणी आहे,” पोस्टमन हसत म्हणाले. “छोटीशी शेगडी आणि भिंतीतून बाहेर काढलेलं धुराडं.”

बाई हसल्या नाहीत. रात्री पांघरुणात त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: आपला नवरा, जाकीट काढून, चिमणीच्या खुर्चीत, चहा पितोय.

दुसऱ्या दिवशी त्या हीटरच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं विचारलं, “खोली केवढी आहे? छत किती उंच? खिडक्या बंद नीट होतात का?”

“ते राहू द्या. लॉन्ड्रीच्या वर व्हायोलिन शिकवतात, त्यांनी काय नेलं?”

“त्यांनी आमच्याकडून काही नेलं नाही. जुन्या बाजारातून शेगडी घेतली म्हणे.”

बाईंना एकदम हलकं वाटलं. जुन्या बाजारातून! “मग मला नवा दाखवा,” त्या म्हणाल्या. “आणि मोठा.”

यजमान हळूच म्हणाले होते की आधी खिडक्यांच्या फटी बघू या, वारा तिथूनच येतो. “तुम्ही पत्रं वाटा,” असं उत्तर मिळालं.

पंख्याचा तो भला मोठा विजेचा हीटर घरात आला आणि घरात कटकट आली. त्याची घरघर नेमकी दोन सुरांच्या मधली, त्यामुळे औषधवाल्याचे उरलेसुरले कानही बिघडले. गरम हवा सरळ छताला जाऊन बसायची. वर कोळ्यांची चैन, खाली बाईंचे पाय बर्फ. स्वयंपाकघरात किटली लावली की फ्यूज उडायचा. बिल आलं तेव्हा यजमानांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टेबलावर पालथं ठेवून दिलं. तरी बाई दारात भेटेल त्याला सांगत, “आता आमच्याकडे अगदी उबदार झालंय हो. मुलांना पाठवा.” कुणी पाठवलं नाही.

आणि मग एका दुपारी, शिकवता शिकवता, बाईंच्या मांडीवरचं व्हायोलिन टक्कन वाजलं. गरम कोरड्या झोताखाली लाकूड आखडलं होतं आणि कडेचा सांधा उघडला होता. बाईंच्या गुरूंचं, मोठ्या बाईंचं, व्हायोलिन ते. फटीत नख जाईल एवढी जागा झाली होती. औषधवाला घाबरून म्हणाला, “मी हातसुद्धा लावला नव्हता!”

वाद्यं दुरुस्त करणारा गावात कुणी नव्हता. यजमानांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, “चिमणीला येतं हे काम. आणि लाकूड चिकटवायला तिच्याकडे सरस आहे.”

“सगळं सरसच आहे तिच्याकडे,” बाई फणकारल्या. पण व्हायोलिनची पेटी उचलून निघाल्या.

लॉन्ड्रीच्या बाजूचा जिना चढताना त्यांना आतून वाजवणं ऐकू आलं. घड्याळजीची मुलगी. बाई मधल्या पायरीवर थांबल्या. हात आवळलेला असला की तिच्या व्हायोलिनचा आवाज चिरकायचा. कितीतरी दिवस बाई तिला म्हणत होत्या, मनगट सैल सोड, सैल सोड. इथं ते सुटलं होतं. आवाज लोण्यासारखा येत होता.

दार चिमणीनंच उघडलं. “बाई! या ना, या. आत या लवकर, ऊब जाते.”

बाईंनी मनात धरलं होतं की ही आता मिरवणार. मिरवेल तर बरं, आपल्यालाही दोन शब्द सुनावता येतील. पण चिमणीनं पेटी घेतली, व्हायोलिन दिव्याखाली धरलं आणि तिचा चेहराच उतरला. “अरे देवा. मोठ्या बाईंचं ना हे? बसा तुम्ही. मी लगेच सरस वितळायला ठेवते.”

बाई बसल्या आणि खोली बघत राहिल्या. बघण्यासारखं काही नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं. पुढची मोठी खोली चिमणीनं हिवाळ्यापुरती बंदच करून टाकली होती. शिकवणी आतल्या, स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत. दारावर जाड घोंगडीचा पडदा. खिडकीच्या फटींत जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. खाली जुना गालिचा. कोपऱ्यात गुडघ्याएवढी लोखंडी शेगडी, भोवती विटा रचलेल्या, आणि वर पाण्याचं पातेलं मंद वाफाळत होतं.

“ते पातेलं कशाला?” बाईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

“हवा कोरडी पडत नाही. नाहीतर वाद्यं तडकतात,” चिमणी सांध्यात सुरीनं सरस भरत म्हणाली. “माझं पहिलं व्हायोलिन तसंच गेलं, बाई. मीपण आधी जुन्या बाजारातून तो पंख्याचा हीटरच आणला होता. बिल बघून रडले. मग कळलं, एवढी मोठी खोली मला तापवायची कशाला आहे? आणि या विटा आहेत ना, विस्तव विझल्यावरही बराच वेळ गरम राहतात. लाकूड थोडं पुरतं.” तिनं कडेनं चिमटे लावले. “उद्यापर्यंत असंच राहू द्या इथं.”

“हिचं मनगट,” बाई मुलीकडे बघत म्हणाल्या.

“तुम्ही सांगितलेलंच करून घेतलं. थंडीत नुसतं आखडायचं तिचं.”

बाईंना वाटलं, हिनं एक तरी शब्द वाकडा बोलायला हवा होता. इतकं चांगलं वागून ही माझा राग काढायची वाटसुद्धा बंद करतेय.

व्हायोलिन दुसऱ्या दिवशी परत आलं. सांधा कुठं होता ते शोधावं लागत होतं. तरी बाई अडून बसल्या. त्या चिमणीची नक्कल मी करायची? मी? थंडी मात्र ऐकेना. शेवटी एका रविवारी सकाळी बाईंनी पलंगाचं एक टोक धरलं आणि यजमानांना हाक मारली. “धरा दुसरीकडून. झोपायची खोली पुढे न्यायची, शिकवणी मागे.”

“म्हणजे आपण त्या गारठ्यात झोपायचं?”

“दोन रजया घ्या.”

पोस्टमननी मुकाट्यानं पलंग धरला. हीटर दुकानदाराला तोट्यात परत गेला. जुन्या बाजारातून एक शेगडी आली, गवंड्यानं भिंतीतून धुराडं काढून दिलं आणि धूर सगळा बाहेर जातोय ना ते शेगडी पेटवून, दार लावून, नीट पाहून मगच पैसे घेतले. फटी बुजल्या, पडदा आला, विटा आल्या. पातेलं ठेवायला बाईंनी नकार दिला. त्यांनी जुनी पितळी किटली ठेवली.

औषधवाला पहिल्या दिवशी आत आला आणि थक्क झाला. “काय सुरेख झालंय! कुणाची कल्पना?”

“माझी,” बाई म्हणाल्या. पडद्याआड यजमानांना ठसका लागला.

हळूहळू शिंप्याची मुलगी परतली. दोघा भावांतला धाकटा आला, थोरला नाही. घड्याळजीच्या मुलीची आई रस्त्यात भेटली तेव्हा बाईंनी स्वतःहून सांगितलं, आमच्याकडेही आता उबदार आहे. आई संकोचून म्हणाली, “हो ऐकलं ना. पण तिला आता तिथंच आवडतं, बाई.” बाईंनी मान हलवली आणि घरी येऊन विनाकारण शेगडी साफ केली.

त्यानंतर बाजारात जाताना त्या लॉन्ड्रीवरून जायला लागल्या. लांबचा रस्ता होता तो. खिडकीखाली पिशवी खाली ठेवायची, बुटात खडा गेल्यासारखं करायचं आणि ऐकायचं. मुलगी दर वेळी आधीपेक्षा चांगली वाजवायची आणि दर वेळी बाईंचा दिवस खराब व्हायचा. पुढे एकदा त्यांनी कान टवकारले. करंगळी उतरत होती. वरच्या सुराला जराशी, अगदी केसभर, खाली. बाई पुन्हा ऐकायला थांबल्या. पुन्हा तेच. त्या दिवशी त्यांनी घरी गाणं गुणगुणत भाजी चिरली.

ती चूक त्यांनी मनात जपून ठेवली, कुणाला म्हणून सांगितली नाही. पण पुढच्या खेपेलाही ती तशीच कानावर आली आणि बाईंना राहवेना. मुलीची सवय होऊन बसली तर कायमची जाईल, हे त्यांना माहीत होतं. चिमणी फळांच्या दुकानात दिसली तशा त्या सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “तिची करंगळी उतरतेय. वरच्या सुराला.”

चिमणीनं क्षणभर डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. “खरंच की. माझ्या लक्षातच नाही आलं, बाई.”

रात्री जेवताना बाईंनी हे यजमानांना सांगितलं. ताक वाढताना पुन्हा सांगितलं. भांडी घासताना त्यांनी चिमणीचा आवाज काढून तिसऱ्यांदा सुरुवात केली, “माझ्या लक्षातच—”

“नाही आलं, बाई,” पोस्टमन म्हणाले आणि दोन रजया घेऊन पुढच्या खोलीत झोपायला गेले.