एक पेन्सिल आणि एक दगड

आता जगात नवं पाहण्यासारखं काही उरलं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना मी झाशीला, आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांबरोबर सीपरी बाजारात भाजी आणायला पाठवीन. भाजी मिळणार नाही याची हमी देते. कारण पहिल्याच वळणावर विजेच्या तारांच्या गुंत्याची सावली समोरच्या भिंतीवर पडलेली असेल आणि सर भर रस्त्यात स्कूटर थांबवून एक डोळा मिटतील. मागे ऑटोंची रांग लागेल. "मास्टरजी, मरना है क्या?" असं एखादा विचारेल, आणि सर मान न वळवता सांगतील, "बस दो मिनट भैया, धूप जाने वाली है." हे मी स्वतः मागच्या सीटवर बसून, तोंडावर ओढणी ओढून अनुभवलेलं आहे. त्या दिवशी तो ऑटोवाला भांडायला म्हणून खाली उतरला, पण सर इतक्या एकाग्रतेने काय पाहताहेत या कुतूहलाने तोही भिंतीकडे पाहत उभा राहिला. भांडण राहूनच गेलं.

नवऱ्याची बदली झाशीच्या छावणीत झाली तेव्हा मी या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. सरांचं घराणं काही पिढ्यांपूर्वी कारभारी म्हणून पुण्याकडून तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'मुदपाक' आणि 'मतलब' एकाच वाक्यात सुखाने नांदायचे. मला ते 'ताईजी' म्हणत. एवढ्याशा शब्दात त्यांनी महाराष्ट्र आणि बुंदेलखंड दोघांचाही मान राखलेला असे. सवय एकच वाईट होती. समोर कोणीही असो, हात लांब करून त्यात पेन्सिल उभी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि त्या माणसाचं माप घ्यायचं. स्टाफरूममध्ये प्राचार्या बाई शिस्तीवर बोलत असताना त्यांनी त्यांचं कपाळ मोजलं होतं. एका लग्नात हार घालायला वाकलेल्या नवरदेवाचं नाक मोजलं, तेव्हा वराकडची मंडळी बरीच अस्वस्थ झाली होती.

नववीला चित्रकला हा विषय नव्यानेच सुरू व्हायचा, म्हणून जुलैत पालक सामानाची चौकशी करायला यायचे. रंगांची पेटी कोणत्या कंपनीची, कागद कसले, ब्रश किती. सर सांगायचे, "एक पेन्सिल और एक पत्थर." खोडरबर चालणार नाही, असेल तर पहिल्या दिवशी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात जमा. चूक पुसायची नाही, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची, असा त्यांचा कायदा. छावणीतल्या एका हवालदाराच्या मुलीला क्वार्टरच्या झाडलोट केलेल्या आवारात दगडच सापडेना, तेव्हा तिने घरातला वरवंटा उचलून आणला. मधल्या सुट्टीत तिची आई शाळेच्या फाटकावर हजर झाली. चटणी अडली होती. सर वरवंटा द्यायला तयार नव्हते, कारण त्याची सावली अर्धीच काढून झाली होती. शेवटी त्या माउलीला आत बोलावून, लेकीचं होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं.

माझा नेमका त्याच वेळी तास रिकामा असे. माझ्या लहानपणी चित्रकला म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. एका दगडावर कोणी आठवडेच्या आठवडे काय शिकवू शकतो, हे कोडं मला गणितापेक्षा अवघड वाटलं, आणि ते सोडवायला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले. सरांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर एक पेन्सिल आणि एक दगड ठेवलेला होता.

पहिल्या तासाला ते मुलींना म्हणाले होते की मनात येईल ते काढा. झाशीच ती, सगळ्या वर्गाने एकच चित्र काढलं. घोड्यावर राणी, हातात तलवार, पाठीला बांधलेलं मूल. राणी बरी होती. घोडे मात्र लोडाला टेबलाचे पाय ठोकावेत तसे. सरांनी सगळी चित्रं भिंतीला लावली, शांतपणे पाहिली आणि पुतळ्यातला सोडून घोडा कोणी पाहिला आहे का, असं विचारलं. कोणीच नीट पाहिला नव्हता. मग त्यांनी जाहीर केलं की घोडा आल्याशिवाय राणी नाही, आणि दगड आल्याशिवाय घोडा नाही.

तर दगड. दगडानंतर खुर्ची, पण खुर्ची काढायची नाही, तिच्या पायांमधली हवा काढायची. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मला मात्र पटकन उमगलं, कारण चौकोनातून वर्तुळ वजा करून उरलेलं क्षेत्रफळ काढणं हाच तर माझा धंदा. हवा काढता काढता खुर्ची आपोआप कागदावर येऊन उभी राहिली, तेव्हा मला जो आनंद झाला तो वर्गात दाखवण्याजोगा नव्हता. मग कागदाकडे न पाहता काढायचं. मग सरांनी दिलेल्या फक्त तीन रंगांतून अंगणातल्या कडुनिंबाचा हिरवा तयार करायचा. प्रत्येकीचा वेगळा झाला आणि सर म्हणाले की कडुनिंबही तसाच आहे. दर शनिवारी सगळी चित्रं भिंतीला लागत आणि दुसरीच्या चित्राबद्दल बोलावं लागे, पण 'अच्छा है' म्हणायला बंदी. काय दिसतं तेवढंच सांगायचं. हा नियम सर घरीही पाळत. त्यांच्या पत्नी एकदा हळदीकुंकवाला मला म्हणाल्या, "भाजी कशी झाली विचारावं, तर हे सांगतात, पिवळी जरा अंमळ जास्त आहे, पण कडेला तेल फार बराबर सुटलंय."

दिवाळीनंतर घोडा आला. म्हणजे घोडी आली. सीपरी बाजारातल्या एका वरातवाल्याची ती पांढरी घोडी. मुहूर्त नसलेल्या दिवशी झूल, तुरे काहीही न घालता सर तिला शाळेत घेऊन आले. फाटकावरच्या माणसाने अडवलं तेव्हा ही पाहुणी नाही, नववीचं पाठ्यपुस्तक आहे, असं सांगून आत नेली. मुलींना पहिला शोध लागला तो हा की मागच्या पायाचा ज्याला आपण उलटा वाकलेला गुडघा समजतो ती घोड्याची टाच असते. दुसरा असा की पांढऱ्या घोडीत पांढरा रंग फारसा नसतोच. तेवढ्यात मैदानात शाळेच्या बँडचा सराव सुरू झाला. घोडी वरातीतली. ढोल ऐकल्याबरोबर ती पाय उचलून नाचू लागली आणि नाचता नाचता तिने प्राचार्या बाईंच्या शेवंतीच्या दोन कुंड्या फस्त केल्या. सर आनंदाने ओरडत होते, "देखो, देखो, कंधा देखो."

या कुंड्यांमुळे म्हणा किंवा आधीपासून मनात होतं म्हणा, प्राचार्या बाईंनी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं. वार्षिक समारंभाला रंगमंचामागे दरवर्षी राणीचं मोठं चित्र लागतं. या वर्षी ते नववीने करायचं. पालक विचारतात की मुली दगड काढून काय होणार. तर चित्र शोभेचं झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी नववीचा चित्रकलेचा तास कॉम्प्युटरला. सरांना मग फक्त बालवर्ग राहणार, छापील फुगे रंगवून घ्यायला.

मुलींनी कापडावर घोडी काढली. खरोखरीची घोडी, एक मागचा पाय ढिला सोडून उभी, मान खाली, बादलीतून पाणी पिणारी. इतकी खरी की मला तिच्या अंगाचा वास आला. पण पाठ रिकामी. समारंभ तोंडावर आला तरी पाठ रिकामीच. मला राहवेना. मी सरांना एकीकडे गाठलं आणि म्हटलं, तुम्हाला तर डोळे मिटून राणी काढता येते, काढून टाका ना एक.

सर पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "मला येते, ताईजी. त्यांना अजून नाही येत. आणि खाली नाव त्यांचं आहे."

"पण तुमचा वर्ग जाईल."

"हो, जाईल," ते म्हणाले, आणि टोक करत राहिले.

समारंभाला पडदा उघडला. प्रमुख पाहुण्यांनी कापडाकडे बराच वेळ पाहिलं आणि पहिल्या रांगेतूनच विचारलं, "रानी कहाँ हैं?" प्राचार्या बाईंचा चेहरा पाहवत नव्हता. स्टेजच्या कडेला ती वरवंटेवाली मुलगी उभी होती. ती अदबीने पुढे झाली आणि म्हणाली, "जी, अभी हम घोड़े तक पहुँचे हैं."

पाहुणे मोठ्याने हसले, मग सगळे हसले, टाळ्याही पडल्या. प्राचार्या बाई मात्र हसल्या नाहीत. मार्चमध्ये नवं वेळापत्रक लागलं तेव्हा नववीच्या चौकटीत चित्रकला नव्हती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार रागही आला. सरांनी वेळापत्रक पाहिलं, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि वर्गावर गेले.

तो शेवटचा तास. सर म्हणाले, "चलो, अब रानी." इतके महिने जिची वाट पाहिली ती राणी आता काढायची, तर एकीचीही पेन्सिल हलेना. कोणी तरी विचारलं की चेहरा कसा होता. सर म्हणाले, "मैंने तो देखा नहीं. तुमने देखा है? तो बगल में जो बैठी है, उसे देखो." मग त्या पोरी एकमेकींकडे वळल्या आणि वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरचा घंटेवालासुद्धा डोकावून गेला. त्या दिवशी कागदांवर ज्या राण्या उतरल्या त्यातल्या एकीला चष्मा होता, एकीच्या दातांना तारा होत्या, एकीच्या नाकावर मुरूम होता. सगळ्या घोड्यावर नीट बसल्या होत्या.

माझ्या शेजारी कोणी नव्हतं. सर आले आणि संकोचून म्हणाले, "ताईजी, मग मीच बसतो." समोर बसले खरे, पण त्यांना नजर कुठे ठेवावी ते कळेना. उभ्या गावाचं माप घेणारा हा माणूस, त्याच्याकडे इतका वेळ कोणी पाहिलंच नसावं. ते कधी खिडकीकडे पाहत, कधी स्वतःच्या चपलांकडे. त्यांच्या भुवयांचे केस पिकले आहेत आणि सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून शिवली आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून यायला लागले, आणि भरल्या डोळ्यांनी काही दिसत नाही म्हणून मी ते पुसले आणि काढत राहिले.

तास संपल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, "डावा कान बराबर आहे. तसाच आहे माझा."

आता आमची बदली दुसऱ्या गावी झाली आहे. चित्र कपाटाच्या दाराला आतून लावलं आहे. नाक पार चुकलं आहे, हनुवटी तर भलत्याच माणसाची आहे, आणि नवरा अजूनही हे कोण म्हणून विचारतो. मी त्याला जरा सरकून डाव्या कानासमोर उभं राहायला सांगते. तिथून सर दिसतात.