माझ्या अंगात आलं नव्हतं

सरांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला होता. माझं तोंड उजवीकडून खाली ओघळलं होतं. लाळ हनुवटीवरून साडीवर पडत होती. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते. बसले म्हणजे पडले होते. काकू म्हणाल्या, "अहो, हिच्या अंगात आलंय." सर म्हणाले, "तू मध्ये येऊ नकोस. छान येतंय."

छान येतंय. माझं वाकडं तोंड त्यांच्या मोबाइलमध्ये छान येत होतं.

नारायण पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये मी कितीतरी वर्षं पोळ्या करत होते. सर निवृत्त प्राध्यापक. अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतात, लोक टाळ्या वाजवतात. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ते दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलून बघायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. मला पटायचं सगळं. घरी येऊन मुलीला सांगायचे, आमचे सर असं असं म्हणाले. आमचे सर. काय मूर्ख होते मी.

त्या सकाळी लाटणं हातातून सुटलं. उचलायला गेले तर हात ऐकेना. उजवा हात. खांद्याला नुसता लोंबत होता. "काकू, पाणी" म्हणायचं होतं. तोंडातून जे निघालं ते बोलणं नव्हतंच. मग पाय गेला आणि मी खाली आले. पण मला सगळं कळत होतं. ऐकू येत होतं, दिसत होतं. नुसतं सांगता येत नव्हतं.

काकूंनी गॅस बंद केला आणि चक्क हात जोडले. सरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटल्या, "कोणती आई आलीस गं?" सर मोबाइलकडे बघून शांतपणे बोलत होते. "ही आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई. अशिक्षित वर्गात ही अवस्था आजही दिसते. हातवारे पाहा. उच्चार पाहा." मी दहावी पास आहे. हे त्यांना माहीत होतं.

मागच्या वर्षी सरांना अंघोळीनंतर नुसती चक्कर आली होती. तेव्हा काकूंनी अर्धी सोसायटी गोळा केली होती. लगेच गाडी दारात, लगेच मोठं हॉस्पिटल. मी फरशीवर पडले तेव्हा एका माणसाला पाणी द्यायचंसुद्धा सुचलं नाही.

याला कारण मीच दिलं होतं म्हणे. एकदा काकूंनी गप्पा मारता मारता विचारलं होतं, "तुमच्या गावी अंगात येतं का हो कुणाच्या?" मी सांगितलं, माझ्या आईच्या यायचं. लातूरकडचं आमचं गाव, मंगळवारी बायका जमायच्या, आई घुमायची. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. विश्वासानं सांगितलं मी ते. त्यांनी ते जपून ठेवलं आणि नेमकं त्या दिवशी माझ्यावरच वापरलं.

जसं आलं तसं ते गेलं. पाव तास असेल, कमीही असेल. बोटं हलायला लागली, जीभ जागेवर आली. सर म्हणाले, "झालं? उठा बाई. अंगात वगैरे काही येत नसतं. मनाचा कमकुवतपणा असतो तो. सुशिक्षित घरात पाहिलंय कधी असं?" काकू म्हणाल्या, "चहा घ्या थोडा. मग तेवढ्या चार पोळ्या राहिल्यात, त्या आटपा."

आटपल्या मी. त्याच हातानं चारही पोळ्या केल्या, ओटा पुसला आणि "येते काकू" म्हणून निघाले. सरांचा राग येतो, पण त्या चार पोळ्यांचा त्याहून जास्त येतो.

बिबवेवाडीला घरी पोचले तेव्हा नवरा मार्केट यार्डातून नुकताच आला होता. तो हमाल आहे. मी त्याला हसत हसतच सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या टोळीतल्या एकाचं असंच तोंड वाकडं झाल्तं. बरं वाटतंय म्हणला, आन् दोन दिसांनी पोत्याखालीच गेला. ऊठ. दवाखान्यात चल." मी म्हणाले, आता काही होत नाहीये. तो म्हणाला, "मग काय व्हायची वाट बगू?"

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. तरुण डॉक्टर होता, डोळे झोपेनं सुजलेले. त्यानं हात वर करायला लावले, बोलायला लावलं. सगळं ठीक. रक्तदाब तेवढा वाढलेला. "आता तर काहीच नाहीये, मावशी. तोंड वाकडं झालं होतं हे कुणी पाहिलं?" मी म्हणाले, सरांनी पाहिलं. त्यानं फोन लावायला सांगितला. नवऱ्यानं मोबाइल स्पीकरवर टाकला.

सरांचा आवाज त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला. "डॉक्टर, घाबरण्यासारखं काही नाही. यांच्यात अंगात येतं. हिच्या आईच्याही येत असे. मी प्राध्यापक होतो, या विषयाचा माझा अभ्यास आहे."

प्राध्यापक म्हटल्याबरोबर डॉक्टर सरळ बसला. "हो सर. बरोबर सर. थँक यू सर." फोन बंद झाला. मग माझ्याकडे न बघताच त्यानं पित्ताची गोळी लिहिली. "टेन्शन घेऊ नका. जरा विश्रांती घ्या. नेक्स्ट."

शरीर माझं. हात माझा गेला होता, जीभ माझी गेली होती. पण खरं काय ते पेठेतून फोनवर ठरलं. मी समोर बसले होते तरी माझा शब्द कुणाला नको होता. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे काही इतकी वर्षं गप्प होतं ते उठून उभं राहिलं.

मी स्टुलावरून उठले नाही.

"मावशी, मागे लाइन आहे."

"असू द्या. त्यांनी माझा व्हिडिओ काढलाय. तो बघा आणि मग मला घालवा."

नवरा दंडाला धरून म्हणाला, "चल गं, कशाला वाद." मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतः फोन लावला. "सर, सकाळचा व्हिडिओ आत्ताच्या आत्ता पाठवा. डॉक्टरांना दाखवायचाय."

सर म्हणाले, "तो अभ्यासासाठी आहे, बाई. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय. त्यात तुमचं नाव येणार नाही, काळजी नको."

"तोंड माझं आहे. पाठवा."

त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला. फोन कट झाला. मी स्टूल सोडलं नाही. मागच्या माणसांनी कटकट केली, वॉर्डबॉय ओरडला. मी मान खाली घालून बसून राहिले. भीती वाटत होती. पुन्हा तसं झालं तर इथेच होऊ दे, यांच्या डोळ्यांदेखत, असंही वाटत होतं. शेवटी व्हिडिओ आला. खाली सरांनी लिहिलं होतं, "केवळ वैद्यकीय उपयोगासाठी. पुढे पाठवू नये."

डॉक्टरनं बघायला सुरुवात केली आणि त्याची झोप उडाली. तो आत जाऊन मोठ्या मॅडमना घेऊन आला. मॅडम व्हिडिओ बघत होत्या, त्यात सर बोलत होते, अशिक्षित वर्ग, हातवारे पाहा. मॅडमनी अवघडून आवाज बारीक केला.

"आवाज राहू द्या," मी म्हणाले.

मग सगळा व्हिडिओ आवाजासकट चालला. मागची लाइनही ऐकत होती.

मॅडम म्हणाल्या, "हा झटका होता. मेंदूला रक्त जाणं थोडा वेळ थांबलं होतं. छोटा होता म्हणून सुटलात. हा इशारा असतो, पाठोपाठ मोठा येऊ शकतो. सकाळीच आणायला हवं होतं यांना." मग त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "आणि तू पित्ताची गोळी देऊन घरी पाठवत होतास." मला भरती करून घेतलं. डोक्याचं स्कॅन झालं, मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या आता बंद करायच्या नाहीत.

वॉर्डात पडल्या पडल्या मला आई आठवली. शेवटच्या मंगळवारी तिचं तोंड वाकडं झालं होतं. आम्ही सगळ्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती परत उठली नाही. तिला काय झालं होतं ते आता मला कधीच कळणार नाही. पण आमच्या गावात तेव्हा डॉक्टर नव्हता, आणि आमच्यातलं कुणी अंधश्रद्धेवर व्याख्यान देत नव्हतं.

घरी सोडल्यावर सरांचा फोन आला. "बाई, जरा गैरसमज झाला. मी काही डॉक्टर नाही."

"मग डॉक्टरांना कशाला सांगितलंत?"

"माझ्या हेतूवर शंका घेऊ नका. तुमच्याकडे तो व्हिडिओ असेल तर काढून टाका. त्यात माझा आवाज आहे. लोक भलता अर्थ काढतील."

"व्हिडिओ मी काढून टाकणार नाही."

"बरं. मग आपलं म्हणणं तरी काय आहे?"

आपलं. इतक्या वर्षांत मला माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. टोमणा मारायला का होईना, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ज्या ज्या माणसाला तो व्हिडिओ पाठवलात त्या प्रत्येकाला कळवा, की हे अंगात येणं नव्हतं. हा झटका होता. बाई समोर मरू शकली असती आणि मला ते ओळखता आलं नाही, कारण ती आमची स्वयंपाकाची बाई होती. हे असंच्या असं लिहा. तुमच्या नावानं.

सर म्हणाले, "बघू." मी त्या घरी परत गेले नाही. काकूंनी दुसरी बाई ठेवली असं ऐकलं.

त्यांनी अजून कुणालाही कळवलेलं नाही. येत्या रविवारी त्यांचं व्याख्यान आहे. विषय तोच. नवरा म्हणतो, "नगं जाऊ. रागानं परत काय तरी व्हईल." खरं आहे त्याचं. व्हायचं असेल तर होईल. गोळी घेऊन जाणार आहे मी. पुढच्या रांगेत बसणार आहे. भाषण संपल्यावर ते विचारतात, कुणाला काही शंका? तेव्हा मी उभी राहणार आहे आणि त्यांनी जे लिहिलं नाही ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. माझी जीभ अडखळली तर ते हसतील, पुन्हा मोबाइल काढतील. काढू देत. वाक्य पूर्ण झाल्याशिवाय मी खाली बसणार नाही.